सायनोफेज होस्टचं फोटोसिंथेसिस चालू ठेवतो का बंद पाडतो? दोन्ही वाचलं, डोकं चक्रावलं

तर्री_अन्_टायट्रेशन

नमस्कार मंडळी. मी एमएस्सी मायक्रो, दुसरं वर्ष, नागपूर. सेमिनार जवळ आलाय आणि विषय मीच हौसेनं मागून घेतला, समुद्रातले व्हायरस होस्टचं, म्हणजे ज्या सेलमध्ये शिरतात त्याचं, मेटाबॉलिझम कसं बदलतात. सगळी बॅच अँटिबायोटिक रेझिस्टन्सच घेऊन राहिली होती, म्हटलं आपण काहीतरी वेगळं घेऊ. आता अडकलो.

अडकलो कुठे ते सांगतो. समुद्राच्या वरच्या थरात प्रोक्लोरोकोकस आणि सिनेकोकोकस हे सायनोबॅक्टेरिया आहेत, त्यांना मारणारे फेज (बॅक्टेरियाला लागणारे व्हायरस) म्हणजे सायनोफेज, इथपर्यंत ठीक. 2003 मध्ये वॉरिक विद्यापीठातल्या निकोलस मान यांच्या ग्रुपला सिनेकोकोकसच्या एस-पीएम2 नावाच्या फेजमध्ये पीएसबीए जीन सापडलं, म्हणजे फोटोसिस्टिम दोनचं डी1 प्रोटीन बनवणारं जीन, चक्क व्हायरसच्या जीनोममध्ये. मग बाकीच्या सायनोफेजमध्येही सापडलं. त्यामुळे पुस्तकात वाक्य आहे की फेज इन्फेक्शन चालू असताना फोटोसिंथेसिस चालू ठेवतो. मान्य.

पण 2016 च्या एका पेपरचं शीर्षकच सांगते की व्हायरस कार्बन डायऑक्साइड फिक्सेशन रोखतात, आणि तेही सिनेकोकोकसमध्येच. मग नेमकं काय, चालू का बंद? आमच्या मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, स्ट्रेन वेगळा असेल. पण मला ते पटून नाही राहिलं.

दुसरं म्हणजे, सेल काही तासांत फोडायचाच आहे तर फेजला होस्टचं जीन बाळगायची गरज काऊन पडावी? फेजचा जीनोम तर काटकसरीचा असतो असं फर्स्ट इयरपासून शिकवलं. समुद्र मी जुहूला पाहिला तेवढाच, त्यामुळे कोणी यात काम केलं असेल तर जरा सविस्तर सांगा, प्लीज.

---

जुना_फेजवाला

प्रश्न चांगला विचारलास. स्ट्रेनची भानगड नाहीये ही, दोन्ही वाक्यं एकाच सेलबद्दल एकाच वेळी खरी आहेत. गोंधळ होतो कारण आपण फोटोसिंथेसिस म्हटलं की सगळं एका दमात धरतो. त्याचे दोन भाग वेगळे कर. एक लाइट रिअॅक्शन, उजेडापासून एटीपी आणि एनएडीपीएच, म्हणजे सेलची एनर्जी आणि रिड्यूसिंग पॉवर. दुसरा कॅल्व्हिन सायकल, ते एटीपी आणि एनएडीपीएच वापरून कार्बन डायऑक्साइडची साखर. फेज पहिला भाग जिवंत ठेवतो आणि दुसरा दाबतो.

आता पहिला भाग. डी1 हे प्रोटीन उजेडाने सतत खराब होत असतं, सेलला ते सारखं नव्याने बनवून बसवावं लागतं, भर उन्हात तर फारच. फेज आत शिरला की होस्टचं ट्रान्सक्रिप्शन उतरायला लागतं, मग होस्टचं पीएसबीए पण थांबणार, डी1 भरून निघणार नाही आणि फोटोसिस्टिम दोन बसणार. म्हणून फेज स्वतःचं पीएसबीए घेऊन येतो. हे नुसतं जीन सापडण्यावर थांबलेलं नाही, 2005 मध्ये डेबी लिंडेल आणि पेनी चिशोम यांच्या एमआयटीतल्या ग्रुपने प्रोक्लोरोकोकसच्या एमईडी4 स्ट्रेनला पी-एसएसपी7 फेज लावून दाखवलं की इन्फेक्शन पुढे सरकतं तसा होस्टचा डी1 घटत जातो आणि फेजचा वाढत जातो. आणि जुन्या गोड्या पाण्यातल्या सायनोफेजच्या प्रयोगांपासून माहीत आहे की इन्फेक्टेड कल्चर अंधारात ठेवलं किंवा डीसीएमयू घालून फोटोसिंथेसिस रोखलं तर फेजची पिल्लं कमी निघतात. डीसीएमयू म्हणजे डायुरॉन, तुमच्या घरी शेती असेल तर तणनाशक म्हणून नाव ऐकलं असशील.

दुसऱ्या भागात खरी गंमत आहे आणि सेमिनारमध्ये सगळ्यात जास्त वेळ तिथेच दे. बऱ्याच सायनोफेजमध्ये सीपी12 नावाचं जीन असतं. हे प्रोटीन मुळात होस्टचं, आणि होस्ट ते कशाला वापरतो तर अंधार पडल्यावर कॅल्व्हिन सायकल बंद करायला. ते जीएपीडीएच आणि पीआरके या दोन एन्झाइमांना धरून बसवून ठेवतं. सोबत फेज टॅल-सी म्हणजे ट्रान्सअल्डोलेज आणतो, काही फेज पेंटोज फॉस्फेट पाथवेची आणखी जीन्सही आणतात. 2011 मध्ये थॉम्पसन वगैरे मंडळींनी हे सगळं एकत्र मांडलं, त्यात इन्फेक्टेड सेलमध्ये एनएडीपीएच आणि एनएडीपीचं प्रमाण साधारण दुप्पट झालेलं दिसलं.

म्हणजे बघ, एरवी सायनोबॅक्टेरिया दिवसा साखर बनवतो आणि रात्री पेंटोज फॉस्फेटमधून ती मोडतो. फेज काय करतो, उजेड असताना लाइट रिअॅक्शन दिवसाची चालवतो आणि कार्बनचं मेटाबॉलिझम रात्रीचं चालवतो. असा सेल निरोगी अवस्थेत दिवसाच्या कुठल्याच वेळी नसतो. तुझा 2016 चा पेपर, पक्स्टी वगैरेंचा, त्यांनी सिनेकोकोकसवर हेच मोजून दाखवलं, इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट जवळपास टिकून आणि कार्बन फिक्सेशन पडलेलं.

आता कशासाठी, तर डीएनएसाठी. पेंटोज फॉस्फेटमधून रायबोज मिळतं, म्हणजे न्यूक्लिओटाइडचा सांगाडा. त्या रायबोजचं डीऑक्सीरायबोज करायला रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज लागतं, त्याला रिड्यूसिंग पॉवर लागते, ती शेवटी एनएडीपीएचकडूनच येते. आणि हे रिडक्टेजसुद्धा फेज बऱ्याचदा स्वतःचंच आणतो, एवढी घाई असते.

कोणी विचारेल की होस्टचा डीएनए तोडून वापरला की झालं ना. वापरतोच. पण हिशेब कर. एमईडी4 चा जीनोम साधारण 16 लाख 58 हजार बेस पेअर. पी-एसएसपी7 हा छोटा फेज, 45 हजारांचा, त्याला होस्टच्या डीएनएतून जास्तीत जास्त 36 पिल्लं पुरतील. पण पी-एसएसएम2 सारखा मोठा फेज घे, 2 लाख 52 हजार बेस पेअर, त्याचं सहा पिल्लांतच संपलं. पुढचा सगळा डीएनए नवीन बनवावा लागतो, म्हणजे रायबोज पाहिजे, नायट्रोजन पाहिजे, फॉस्फेट पाहिजे, आणि त्यासाठी उजेडाची एनर्जी शेवटपर्यंत पाहिजे. काटकसरीच्या जीनोमात एवढी जीन्स का, याचं उत्तर इथे आहे. सेल फुटेपर्यंतचे जे काही तास आहेत तेवढ्यात किती माल निघतो यावर त्या फेजचं सगळं अवलंबून आहे.

---

महालचा_मन्या

मले मायक्रोबायोलॉजीतलं काही कळत नाही राजेहो, कॉमर्सवाला हाव, पण हे वाचून मजा आली. म्हणजे असं समजा का आपली एम्प्रेस मिल कोणी रातोरात ताब्यात घेतली, बॉयलर बंद नाही केला, उलट त्याच्या घासणाऱ्या पार्टचं स्पेअर सोबत घेऊनच आला, पण कापड विणणं थांबवलं आन् त्या वाफेवर सोताचं काहीतरी भलतंच छापून राहिला. बरोबर का?

दुसरं, हे व्हायरस समुद्रात असे किती असतेत? अन् बीचवर गेल्यावर तोंडात पाणी गेलं तर काही होते का बाप्पा, लेकरं घेऊन गणपतीपुळ्याला जाऊन राहिलो.

---

जुना_फेजवाला

मन्याभाऊ, मिलचं बरोबर पकडलंत. फक्त एक फरक, छापून झालं की हा मालक मिलच्या भिंती पाडून बाहेर पडतो आणि जाताना प्रत्येक प्रतीसोबत त्या स्पेअर पार्टचं डिझाइन पाठवतो.

किती असतात, तर वरच्या थरातल्या एक मिलिलिटर पाण्यात साधारण एक कोटीपर्यंत. 1989 मध्ये नॉर्वेच्या लोकांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मोजले तेव्हा कुठे हे कळलं, त्याआधी समुद्रातले व्हायरस म्हणजे किरकोळ गोष्ट समजत होते. यातले बहुतेक बॅक्टेरियाचे व्हायरस, माणसाच्या सेलला ते चिकटतच नाहीत. बिनधास्त जा गणपतीपुळ्याला, तिथे भीती बाळगायची ती ओढ असलेल्या पाण्याची.

---

विदर्भकन्या_दोनापावला

मूळ धरमपेठची, आता गोव्यात असते आणि समुद्री मायक्रोबवरच काम करते, म्हणून राहवलं नाही. फेजवाले दादांनी सायनोफेजचं नीट सांगितलंच आहे, पण सेमिनार फक्त पीएसबीएवर संपवू नकोस रे, सगळे तेवढंच सांगून थांबतात आणि मग ऐकणाऱ्याला वाटतं हा एक चमत्कारिक अपवाद आहे. तसं नाहीये. होस्टच्या मेटाबॉलिझममध्ये हात घालणाऱ्या फेजच्या जीन्सना ऑक्झिलरी मेटाबॉलिक जीन्स म्हणतात, 2007 पासून माया ब्राइटबार्ट यांच्या लेखामुळे हे नाव रूढ झालं, आणि ज्या होस्टला जिथे अडचण आहे तिथलंच जीन फेजकडे सापडतं हा त्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग.

फॉस्फेटचं घे. फेजच्या कणात वजनाने साधारण निम्मा डीएनए, म्हणजे फॉस्फरस भरपूर. आणि समुद्राच्या मधोमध फॉस्फेटचीच बोंब, सारगासो समुद्रात तर फारच कमी. तिथल्या सायनोफेजमध्ये पीएसटीएस म्हणजे फॉस्फेट पकडून आणणाऱ्या प्रोटीनचं जीन जास्त वेळा सापडतं, पॅसिफिकच्या तुलनेत. आणि 2012 मध्ये झेंग आणि चिशोम यांनी दाखवलं की होस्ट फॉस्फेटसाठी उपाशी असला की फेजची ही जीन्स जोरात चालू होतात, आणि ती चालू करणारी यंत्रणा फेजची स्वतःची नाहीच, होस्टचीच पीएचओआर-पीएचओबी ही टू कंपोनंट सिस्टिम आहे. म्हणजे फेजने प्रोमोटर असा ठेवलाय की होस्टचा भुकेचा सिग्नल थेट त्याच्या कामी येतो. मी पहिल्यांदा हा पेपर वाचला तेव्हा जेवायचं विसरले होते, अतिशयोक्ती नाही.

मग खाली अंधारात जा. हायड्रोथर्मल व्हेंटजवळ एसयूपी05 नावाचे बॅक्टेरिया असतात, सल्फरचं ऑक्सिडेशन करून जगतात, उजेडाचा संबंधच नाही. तिथे फेज पीएसबीए घेऊन काय करेल. 2014 मध्ये अनंतरामन वगैरेंनी कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या आणि पश्चिम पॅसिफिकमधल्या व्हेंटच्या पाण्यातून त्यांचे 18 व्हायरल जीनोम जुळवले आणि त्यातल्या 15 मध्ये सल्फर ऑक्सिडेशनचीच जीन्स निघाली, रिव्हर्स डिसिमिलेटरी सल्फाइट रिडक्टेजचे सबयुनिट. वर उजेडाचं यंत्र जपायचं, खाली सल्फरचं. अमोनिया ऑक्सिडाइझ करणाऱ्या आर्किया आहेत, त्यांच्या व्हायरसमध्ये अमोनिया मोनोऑक्सिजनेजचा सबयुनिट सापडलाय, तिथेही तेच.

आणि बॅक्टेरियावरच अडकू नकोस. एमिलियानिया हक्सलेयी नावाचं एकपेशीय शेवाळ आहे, अंगावर चुन्याच्या चकत्या असतात, त्याचा ब्लूम आला की समुद्र दुधाळ निळा होतो आणि सॅटेलाइटवरून दिसतो. तो ब्लूम बऱ्याचदा व्हायरस संपवतो. त्या व्हायरसचा, ईएचव्ही-86 चा जीनोम 2005 मध्ये आला, चार लाखांहून जास्त बेस पेअर, आणि त्यात स्फिंगोलिपिड बनवायचा जवळजवळ पूर्ण पाथवे. इथे व्हायरस होस्टचं लिपिड मेटाबॉलिझमच फिरवतो, स्वतःच्या पद्धतीचे लिपिड बनवून घेतो जे व्हायरसच्या आवरणात पण जातात आणि सेलला मरणाकडे पण ढकलतात. टेट्रासेल्मिस या हिरव्या शेवाळाच्या एका जायंट व्हायरसमध्ये तर फर्मेंटेशनची जीन्स सापडली 2018 मध्ये. व्हायरसच्या जीनोमात फर्मेंटेशन! आम्ही एमएस्सीला होतो तेव्हा हे बोललो असतो तर व्हायव्हात उभं केलं असतं.

एक मात्र सांगते, सगळ्या सायनोफेजमध्ये पीएसबीए नसतं. सिन5 या सायनोफेजमध्ये नाही. हे पण स्लाइडवर टाक, कोणीतरी हमखास विचारतं.

---

शंकासूर_440022

ताई आणि दादा दोघांचंही वाचलं, छान आहे, पण मी जरा थंड पाणी ओततो. पोराला सेमिनारमध्ये कोणी धरलं तर ते इथेच धरतील.

जीन सापडलं म्हणजे काम करतं असं होत नाही. पीएसबीएबाबत लॅबमध्ये प्रोटीन बनताना दिसलं, सीपी12 बाबत पण बरंच काही मोजलंय, मान्य. पण समुद्रातल्या व्हायरसांच्या जीन्सच्या ज्या याद्या छापून येतात त्यातल्या बहुतेकांचा फेज कधी कोणी कल्चरमध्ये पाहिलेलाच नाही. तारा ओशन्स या जगभरच्या समुद्रांतलं पाणी गोळा करणाऱ्या मोहिमेच्या सॅम्पलमधून 2016 मध्ये 243 ऑक्झिलरी जीन्सची यादी आली, पंधरा हजारांवर व्हायरल पॉप्युलेशन्समधून, भारी काम आहे, हिंदी महासागराचंही पाणी त्यात आहे. पण ते सीक्वेन्सवरून केलेलं भाकीत आहे. पाणी 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घेतलं तरी होस्टचा सुटा डीएनए येतोच, छोटे बॅक्टेरिया येतात, जीन ट्रान्सफर एजंट (बॅक्टेरियाचाच डीएनए भरलेले फेजसारखे कण) येतात, आणि मग असेंब्लीत म्हणजे डीएनएचे तुकडे जोडताना बॅक्टेरियाचं एखादं जीन व्हायरसच्या नावावर चढतं. म्हणून विचारायचं काय, तर त्या जीनच्या दोन्ही बाजूला पक्की व्हायरसची जीन्स आहेत का, कॅप्सिड म्हणजे व्हायरसचं कवच, टर्मिनेज म्हणजे त्यात डीएनए भरणारं एन्झाइम वगैरे, अॅक्टिव्ह साइटचे अमिनो अॅसिड शाबूत आहेत का, आणि कोणी ते प्रोटीन बनवून चालवून बघितलंय का. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर नाही असंच येतं.

आणि ज्या फेज-होस्ट जोड्यांवर हे प्रयोग झाले त्या मोजक्याच. सगळ्या समुद्राची गोष्ट त्यावरून सांगतात.

बाकी विषयाला विरोध नाही, उलट हे नुसतं डीएनए वाचून म्हणणारे आणि कल्चर लावून मोजणारे यांच्यातला फरक तू स्लाइडवर स्पष्ट दाखवलास तर तुझा सेमिनार बाकीच्यांपेक्षा चांगला होईल.

---

विदर्भकन्या_दोनापावला

शंकासूर, हे सगळं मान्य, आणि याद्यांबद्दल तर आम्ही लॅबमध्ये यापेक्षा वाईट बोलतो. फक्त पीएसबीएला त्या यादीत ढकलू नका. ते जीन फेजने होस्टकडून घेतलं, मग फेजमध्ये फिरता फिरता बदललं आणि त्याचे तुकडे परत होस्टमध्येही गेले, हे सीक्वेन्सच्या वंशावळीत दिसतं. क्रेग व्हेंटरच्या बोटीने गोळा केलेल्या वरच्या थरातल्या सॅम्पलमध्ये जी पीएसबीए जीन्स मिळाली त्यातली साधारण 60 टक्के फेजच्या वंशातली निघाली, 2007 चा अभ्यास. निकामी जीन असं इतक्या ठिकाणी टिकून राहत नाही, फेज ते कधीच टाकून देतो.

---

तर्री_अन्_टायट्रेशन

बाप रे, एवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. दिवसा रात्रीचं मेटाबॉलिझम ही गोष्ट डोक्यात फिट बसली, दोन पेपर भांडत नव्हतेच.

आता एकच शेवटचं. आमच्याकडे एक सर आहेत, प्रत्येक सेमिनारला विचारतात, याने फरक काय पडतो. मी काय सांगू? हवामान बदलाशी जोडू का? म्हणजे फेजमुळे समुद्र कार्बन कमी शोषतो असं म्हणता येईल का?

---

जुना_फेजवाला

असं सरळ म्हणू नकोस, सर तिथेच पकडतील.

काय म्हणता येईल ते सांगतो. पृथ्वीवरच्या एकूण प्राथमिक उत्पादनाचा साधारण निम्मा भाग समुद्रातले हे सूक्ष्म जीव करतात. त्यातले एका वेळी किती सेल इन्फेक्टेड आहेत यावर सगळं अवलंबून, आणि तो आकडा जागेप्रमाणे, ऋतूप्रमाणे बदलतो, मोजायची पद्धत बदलली तरी बदलतो. इन्फेक्टेड सेल हिरवा दिसतो, क्लोरोफिल तेवढंच, लाइट रिअॅक्शन चालू, पण कार्बन फिक्स करत नाही. म्हणजे सॅटेलाइटवरून क्लोरोफिल मोजून किंवा फ्लुरोसन्स मोजून उत्पादनाचा अंदाज काढणाऱ्याला हा सेल निरोगीच वाटणार. मला विचारशील तर सरांना हेच सांग, हा परिणाम मोजमापातच शिरतो. पक्स्टींच्या पेपरमध्ये किती कार्बन फिक्स व्हायचा राहतो याचा जागतिक अंदाज दिलाय, त्यात खालच्या आणि वरच्या आकड्यात शेकडो पटींचा फरक आहे. एवढी मोठी रेंज असेल तर वरचा आकडा उचलून स्लाइडवर मोठ्या अक्षरात टाकायचा नसतो, तो मोह टाळ.

मग सेल फुटल्यावरचा भाग. समुद्रातल्या मायक्रोबच्या वजनापैकी रोज साधारण पाचवा हिस्सा व्हायरस मारतात असा अंदाज आहे. फुटलेल्या सेलचं आतलं सगळं पाण्यात विरघळतं, बॅक्टेरिया ते खातात, श्वसन होऊन कार्बन डायऑक्साइड परत. वरच्या प्राण्यांपर्यंत जाणारा माल मधेच वळवला जातो, याला विल्हेल्म आणि सटल यांनी 1999 मध्ये व्हायरल शंट म्हटलं. पण उलटही पुरावा आहे, फुटलेल्या सेलचा चिकट माल गोळा होऊन खाली बुडतो आणि कार्बन खोल समुद्रात जातो. 2016 मध्ये ताराच्याच डेटावरून गिडी वगैरेंनी पाहिलं तेव्हा कमी पोषकद्रव्यांच्या समुद्रात कार्बन खाली जाण्याशी ज्यांचा चांगला संबंध दिसला त्यात सिनेकोकोकस आणि त्याचे फेज होते. आता हे दोन परिणाम एकमेकांविरुद्ध, कुठे कोणता जिंकतो ते ठिकाणावर आहे. त्यामुळे फेज वाईट की चांगला असा प्रश्नच सरांना टाकू देऊ नकोस.

---

केमिस्ट्रीवाले_काका

मी रिटायर्ड मास्तर, विषय रसायनशास्त्र, पण हे वाचून दोन शब्द लिहावेसे वाटले. समुद्र आठशे किलोमीटर दूर म्हणून आपल्या पोरांना हे परकं वाटतं, तर जवळची उदाहरणं घ्या ना.

कॉलरा घ्या. कॉलराचं विष 1959 मध्ये कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवलं, मोठा माणूस, हयातीत म्हणावा तसा मान मिळाला नाही. आणि 1996 मध्ये वॉल्डर आणि मेकॅलनॉस यांनी दाखवलं की त्या विषाचं जीन मुळात बॅक्टेरियाचं नाहीच, सीटीएक्स नावाच्या फेजने आणलेलं आहे. व्हिब्रिओ कॉलरी हा खाडीच्या खाऱ्या-गोड्या पाण्यात राहणारा बॅक्टेरिया, तो माणसाला मारणारा होतो ते व्हायरसमुळे. इथे फेज सेल फोडत नाही, आत बसून राहतो, त्यामुळे सायनोफेजपेक्षा प्रकार वेगळा, पण व्हायरस होस्टचा स्वभाव बदलतो हे वर्गाला पटकन कळेल. आणि फेजची चाहूलही आपल्याकडेच लागली होती, हँकिन नावाच्या इंग्रज माणसाने 1896 मध्ये लिहिलं होतं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलराचे जंतू मरतात आणि पाणी उकळलं की तो गुण जातो. फेज हे नाव यायला तेव्हा वीसेक वर्षं बाकी होती.

दुसरं, तळ्यातली हिरवी साय. मायक्रोसिस्टिस नावाचा सायनोबॅक्टेरिया सांडपाणी मिळालेल्या तळ्यांत माजतो. त्याच्या एमए-एलएमएम01 या फेजमध्ये, हा जपानमधला, एनबीएलए नावाचं जीन आहे, ते होस्टचे फायकोबिलिसोम म्हणजे उजेड गोळा करणारे अँटेना मोडतं. समुद्रातला फेज यंत्र जपतो आणि हा गोड्या पाण्यातला अँटेनाच तोडतो, असं का? मला वाटतं जास्त उजेडात अँटेना कमी केल्याने फोटोसिस्टिम जळत नाही आणि तुटलेल्या प्रोटीनमधून अमिनो अॅसिड मिळतात, म्हणजे हेतू तोच असावा, पण जाणकारांनी सांगावं. आणि फुटाळा, गोरेवाडा, अंबाझरी एवढी तळी आहेत गावात, यातून कोणी हे जीन शोधलंय का? नसेल तर एखाद्या पोराचं डेझर्टेशन होईल की.

---

विदर्भकन्या_दोनापावला

काका, तर्क बरोबर दिशेने आहे, उजेडापासून बचाव आणि अमिनो अॅसिडचा पुरवठा ही दोन्ही कारणं या जीनबद्दल सांगितली जातात. डेझर्टेशनला पण चालेल. पण एनबीएलए होस्टकडे स्वतःचं पण असतं, त्यामुळे प्रायमर असा निवडायचा की फेजचं आणि होस्टचं वेगळं कळेल, किंवा सरळ सीक्वेन्स करून झाडात बसवून बघायचं. उन्हाळ्यात पाणी हिरवं झालं की सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळचं सॅम्पल घ्या, गाळून झाल्यावर डीएनेज (सुटा डीएनए तोडणारं एन्झाइम) मारायला विसरू नका, नाहीतर शंकासूर परत येतील.

---

शंकासूर_440022

डीएनेज मारलं तरी येणार. मारल्यावर 16एस (बॅक्टेरियात असतं, व्हायरसमध्ये नसतं ते जीन) ची पीसीआर लावा, बँड आला तर होस्टचा डीएनए अजून आहे, परत गाळा.